सैबेरियाच्या बोरिसची फेरी

"हात वर कर आणि नुसता चालत राहा," मी सायमनला सांगितलं. "हसायचं नाही. रशियन लोक हसत नाहीत."

"कोणी सांगल्यान?"

"रणपिसेसाहेबांनी."

"तेंनी खंय बघलेलो रशियन?"

प्रश्न रास्त होता, पण आमच्या कंपनीत रास्त प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. सायमन लोबो सावंतवाडीकडचा. रंगानं गोरा, डोळे घारे, अंगानं दांडगा आणि चेहरा कायम लाल. एवढ्या भांडवलावर आमच्या मालकांनी, म्हणजे रणपिसेंनी, त्याला 'सैबेरियाचा बोरिस' करून टाकलं होतं. पोस्टरवर लिहिलं होतं की हा जिवंत कोंबडी खातो. प्रत्यक्षात सायमन शुक्रवारी मटणाला शिवत नसे आणि रिकामा वेळ मिळाला की जपमाळ घेऊन बसे. कंपनीत येण्याआधी तो बेळगावला पलटणीत होता. तिथं काय करायचा हे आम्हांला ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

ही १९७१ सालची गोष्ट. 'ग्रेट एशिया फ्री-स्टाईल दंगल' या भारदस्त नावाच्या कंपनीत मी पंच होतो. पांढरी पॅन्ट, काळा बो, गळ्यात शिट्टी. पंच निकाल देतो अशी लोकांची समजूत असते. आमच्याकडे निकाल रणपिसे द्यायचे, सकाळी चहाच्या वेळी. तो निकाल दोन घामट माणसांपर्यंत पोचवणं एवढंच माझं काम. दोघं एकमेकांत अडकले की मी सोडवायच्या निमित्तानं मध्ये घुसायचो आणि मनगट दाबायचो. एकदा दाबलं तर अजून थोडं खेळा. ज्याचं मनगट दोनदा दाबलं त्यानं आता पडायचं. सहा वर्षांत या बाबतीत कुणी चूक केली नव्हती. रिंगच्या फळ्यांखाली एक माइक बांधलेला असे, त्यामुळे माणूस पडला की तोफ उडाल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज ऐकून चांगली शिकलीसवरलेली माणसं खुर्चीवर उभी राहून किंचाळायची. मला त्यांची मजा वाटायची. खरं सांगायचं तर मला ती माणसं मूर्ख वाटायची, आणि सहा वर्षं मूर्खांच्या टाळ्यांवर जगलेला माणूस स्वतःला फार शहाणा समजायला लागतो.

त्या वर्षी आमचा मुक्काम हिंगणकवठ्याला पडला. हे माझं गाव. मिरजेच्या पुढं, नदीकाठी. भैरोबाच्या जत्रेत तिथं मातीतल्या कुस्त्यांचा मोठा फड भरतो. त्याच जत्रेत आपला तंबू ठोकायचा ही रणपिसेंची कल्पना. तंबू म्हणजे चारी बाजूंनी पत्रे आणि मध्ये रिंग, वर आभाळ. मी त्यांना इतकंच म्हणालो की तिथले लोक कुस्ती कळणारे आहेत. ते म्हणाले, कुस्ती कळणाऱ्यांनाच तमाशा जास्त आवडतो. हा माणूस आधी सर्कशीत मॅनेजर होता, त्याला माणसांपेक्षा हत्तींचा अनुभव दांडगा.

गावात माझे वडील होते. शिदगोंडा वस्ताद. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं आणि मीही अण्णाच म्हणायचो. त्यांची तालीम चाळीस वर्षांची. मी त्याच हौद्यात वाढलो. पहाटे तेल, ताक, लिंबू, हळद घालून माती कालवायची, मग बैठका, मग मार खायचा. एकोणिसाव्या वर्षी याच जत्रेत मी एका शिरोळच्या पोराकडून चीत झालो आणि त्याच्या हातावर हात न मारता तसाच फडाबाहेर पडलो. अण्णा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या महिन्यात मी माझ्यापुरता निष्कर्ष काढला की या माणसाला हार सोसत नाही. माझा एक कान फुटलेला, शिक्षण अर्धवट, आणि घरात हा असा माणूस. मी मुंबईची वाट धरली. पुढं मी पंच झालो हे कळल्यावर ते आईला म्हणाले होते, "बरं झालं. घरात एक तरी नट पायजेच हुता." हे आईनंच मला सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून.

तर त्या शुक्रवारी मातीतल्या कुस्त्या चालू असताना बोरिसला फडातून एक चक्कर मारून आणायची, म्हणजे रविवारच्या खेळाची जाहिरात होईल, असं ठरलं. सायमननं अंगावर अस्वलाचं कातडं घेतलं होतं. ते अस्वलाचं नव्हतं, कसलं होतं ते मला सांगवत नाही. हात वर करून तो हौद्याभोवती चालायला लागला. हलगी वाजत होती. लोक आधी हसले, मग एकदम गप्प झाले.

ते का गप्प झाले ते मला कळायला हवं होतं. आमच्याकडच्या फडात पैलवान एक हात वर करून हौद्याला फेरी मारतो तेव्हा तो रामराम घालत नसतो. माझ्या जोडीचा कुणी असेल तर पुढं या, असं त्याचं म्हणणं असतं. ज्याला मान्य असेल तो येऊन त्या हातावर हात मारतो. मारला की कुस्ती ठरली. मग माघार घेतली तर ती हारच, आणि हलगीवाला तसं गावभर सांगत फिरतो. हे मला चालता येत नव्हतं तेव्हापासून माहीत. हात वर कर असं सायमनला सांगताना मनात आलंही होतं. पण मी स्वतःशी म्हटलं, आता असलं कोण पाळतंय. माझ्या सगळ्या चुका या एका वाक्यातून झालेल्या आहेत.

सायमनची फेरी अर्धी झाली असेल. पंचांच्या बाकावरून अण्णा उठले. साठी उलटलेली, पांढरं धोतर, पिवळा फेटा. त्यांनी आपल्या एका पठ्ठ्याचं मनगट धरलं, त्याला पुढं आणलं आणि त्याचा पंजा बोरिसच्या पंजावर खाडकन मारला. तो पठ्ठ्या बिरू कोळेकर. बावीस वर्षांचा धनगराचा पोरगा, तीन जिल्ह्यांत त्याला जोड नव्हती. हलगी थांबली. सायमननं माझ्याकडे बघितलं. तो रशियन असल्यामुळे त्याला काही विचारता येत नव्हतं.

मी मध्ये पडून काहीतरी थातुरमातुर बोलणार, तेवढ्यात रणपिसेंनी फडाचा माइक हिसकावला. आधी त्यांचा चेहरा उतरला होता, पण समोर दहा हजार माणसं गप्प उभी बघितली आणि त्यांच्यातला सर्कसवाला जागा झाला. कुस्ती रविवारी चार वाजता आमच्या रिंगमध्ये होईल असं त्यांनी जाहीर करून टाकलं. एवढ्यावर थांबले असते तर ते रणपिसे कसले. त्यांनी विचारलं, "आणि वस्ताद, तुमचा पैलवान हरला तर काय?"

अण्णांनी माइक घेतला नाही. ते बोलले ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"तालमीला कुलूप."

झालं. चाळीस वर्षांची तालीम एका जाहिरातीवर लागली.

धर्मशाळेत परत आल्यावर रणपिसे मला म्हणाले की मला अण्णांकडे जायलाच लागेल. बोरिस हरून चालणार नव्हतं. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला बोरिस आमच्या 'वज्रदेही विक्रम'शी खेळायचा होता, 'अजिंक्य बोरिस' अशी पोस्टरं छापून झाली होती आणि हिंगणकवठ्यासारख्या गावात हरलेला अजिंक्य कुणी बघायला आलं नसतं. बिरू जिंकावा असंही त्यांना वाटत नव्हतं आणि हरावा असंही नाही. पंधरा मिनिटं झुंज, मग बरोबरी, दोघांचे हात वर. "वस्तादांची तालीम पण राहील आणि आपलं पोस्टर पण," ते म्हणाले. त्यांना खरोखर वाटत होतं की ते अण्णांवर उपकार करताहेत.

मी शनिवारी सकाळी तालमीत गेलो. दहा वर्षांत पहिल्यांदा. उंबऱ्यापाशी सवयीनं चपला काढल्या आणि स्वतःचाच राग आला. अण्णा हौद्याच्या काठावर बसून माती चाळत होते, त्यातले खडे वेचून बाजूला टाकत होते. मी आलेलं त्यांना दिसलं, पण त्यांनी हात थांबवला नाही.

मी बरोबरीचं सांगितलं. जमेल तितकं गोड करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की मुंबईला राहून माझी जीभ चांगली चालायला लागली आहे.

"अण्णा, मातीत ठरवून कुस्त्या होत नाहीत का?" मी म्हणालो. "नूरा कुस्ती हा शब्द आम्ही काढलेला नाही. तुमच्याच फडातला आहे."

"हुत्यात की. म्या सोता बघितल्यात."

"मग?"

"मग काय? चोऱ्या हुत्यात म्हून म्या चोरी करू व्हय?"

मला हसू आलं. असली वाक्यं ऐकून ऐकून माझं लहानपण गेलं होतं. मी सांगितलं की हे भाषण फार सुंदर आहे, पण बिरूला रिंग माहीत नाही. तिथं माती नाही, फळ्या आहेत, पाय सरकतो. दोऱ्या आहेत. पोरगा पडला तर तालीम जाईल.

"पडला तर जाईल," अण्णा म्हणाले. "तसं बोललोय न्हवं म्या."

त्यांची एकच अट होती. एक-दोन-तीन मोजणं वगैरे आमचे प्रकार चालणार नाहीत. मातीतला नियम. दोन्ही खांदे टेकून पाठ लागली की कुस्ती संपली. मी विचारलं, पंच कोण?

"तूच हो."

"मी कंपनीचा माणूस आहे."

"असू दे की. पाठ लागल्याली दिसती, भूपाल. त्यात पंचाचं काय काम?"

मी बाहेर पडलो तेव्हा मला त्यांची कीव येत होती. जग कुठं चाललंय हे या माणसाला कळत नाही, असं मला वाटत होतं. रणपिसेंचीही कीव आली, आणि सायमनची तर आधीपासूनच यायची. त्या दिवसांत माझ्याकडे कीव भरपूर होती.

बरोबरी नाही म्हटल्यावर रणपिसेंनी दुसरी युक्ती काढली. बोरिसनं तीन मिनिटांत दोऱ्यांवरून बाहेर पडायचं, गुडघा धरून लोळायचं आणि डॉक्टरनं खेळ थांबवायचा. निकाल नाही, म्हणजे हारही नाही. डॉक्टर म्हणजे आमचा तिकीटवालाच, पांढरा कोट घातलेला. सायमनचा उजवा गुडघा खरोखरच कामातून गेलेला होता, त्यामुळे नाटकही फारसं करायला लागणार नव्हतं.

मी हे सायमनला समजावून सांगितलं. तो धर्मशाळेच्या ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत होता.

"आणि तो झील माका भायर पडूकच देऊक नाय तर?" त्यानं विचारलं. झील म्हणजे त्यांच्याकडे पोरगा.

"तर काय, तर तू पड. पडायची तुला सवय आहे."

तेल चोळता चोळता तो म्हणाला की पलटणीत तो सात वर्षं कुस्ती खेळला होता. गादीवरची, खरी. बटालियनचा पैलवान होता. एक हवालदार होता, त्यानं शिकवलं होतं.

"मग इतकी वर्षं बोलला नाहीस ते?"

"हय ता शिकलेला काय कामाक येवचा?" सायमन म्हणाला आणि तेलाची बाटली बंद केली.

मी ते फारसं मनावर घेतलं नाही. आमच्या कंपनीतला प्रत्येक जण कधी ना कधी खरा पैलवान होऊन गेलेला होता, निदान त्याच्या सांगण्यावरून.

रविवारी चार वाजता पत्र्यांच्या आत तीळ ठेवायला जागा नव्हती. माणसं झाडांवर चढली होती. अण्णा रिंगच्या एका बाजूला, पहिल्या रांगेत, मांडी घालून खुर्चीवर बसले होते. माझी आई आली नव्हती. बिरू लंगोट लावून रिंगमध्ये चढला, खाली वाकला, फळीला हात लावून कपाळाला लावला आणि मग हाताकडे बघितलं. हाताला माती लागली नव्हती. तो जरा गोंधळला.

शिट्टी झाली. पहिल्या मिनिटाला बिरूनं सायमनचा पट काढला, म्हणजे खाली घुसून दोन्ही पाय ओढले. सायमन धाडकन आपटला. खालचा माइक चालू होता, त्यामुळे तोफ उडाली आणि बिरू दचकला. कुणी तरी मांडीखाली फटाका लावावा तसा. त्यातच सायमन उलटून सुटला. दोनदा तो दोऱ्यांकडे गेला, दोन्ही वेळा बिरूनं त्याला कमरेला धरून मध्ये आणलं. पोरानं ऐकलंच नव्हतं की बाहेर पडण्यात कुणाचं हित असतं. तिसऱ्या वेळी त्यानं सायमनच्या उजव्या गुडघ्यात पाय अडकवून आकडी घातली आणि मी सायमनच्या तोंडून खरा आवाज ऐकला. सहा वर्षांत मी त्याला शेकडो वेळा ओरडताना ऐकलं होतं. हा आवाज त्यातला नव्हता.

मी जवळ गेलो. सायमनचा चेहरा बदलला होता. तो बोरिसचा नव्हता आणि आमच्या सायमनचाही नव्हता. तो बिरूकडे नीट बघत होता, मोजत होता. बिरू पुन्हा पट काढायला वाकला आणि सायमन त्याची वाटच बघत असावा. त्यानं एक हात बिरूच्या काखेतून घालून मानेवर आणला, दुसऱ्यानं कोपर धरलं आणि आपलं सगळं वजन एका बाजूला टाकलं. घाई नाही, दिखावा नाही. बिरू हळूहळू वळत गेला. त्यानं मान ताठ केली, टाचा रोवल्या, पण फळीवर टाचा रुतत नाहीत. आधी डावा खांदा टेकला. मग उजवा.

पाठ लागली होती. पूर्ण. मी गुडघ्यांवर बसून बघत होतो, दोन्ही खांद्यांखाली बोट जायला जागा नव्हती.

माझ्या मागं लोक होते, त्यांना माझ्या पाठीमुळं काही दिसत नव्हतं. बाकीच्या बाजूंना सायमनचं अंग आडवं आलेलं. फक्त समोरची बाजू मोकळी होती आणि तिथं अण्णा बसले होते. मी वर बघितलं. त्यांचा चेहरा मला दिसला, पण त्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं नाही. मला दिसली ती तालमीची कडी आणि तिला लागलेलं कुलूप. एकोणिसाव्या वर्षीचा तो महिना आठवला. मला वाटलं, हा म्हातारा यातून उठणार नाही.

शिट्टी तोंडात होती. मी ती वाजवली नाही. मी हात खाली घातला आणि सायमनचं मनगट दाबलं. दोनदा.

सायमननं मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, गुडघ्याचं असेल. क्षणभर वाटलं की तो ऐकणार नाही. पण सहा वर्षांची सवय होती. त्याचे हात सैल झाले. बिरूला काय झालं ते कळलं नाही, तो उसळून उलटला, आणि सायमन इतक्या सफाईनं त्याच्याखाली गेला की मी स्वतः चकलो असतो. तोफ उडाली. मी शिट्टी फुंकली आणि बिरूचा हात वर केला.

पुढं अर्धा तास काय झालं ते सांगण्यासारखं नाही. गुलाल, फेटे, हलग्या. गावानं सैबेरिया जिंकला होता. अण्णांना चौघांनी खांद्यावर घेतलं, ते नको नको म्हणत होते आणि लोकांना तो विनय वाटत होता. बिरू रडत होता. लोक म्हणाले, आनंदानं रडतोय.

रणपिसेंना वाटलं की बोरिस खरोखर हरला. तासभर त्यांनी सायमनचा उद्धार केला आणि सूर्य मावळायच्या आत नवं पोस्टर सांगून मोकळे झाले: 'अपमानित बोरिस सूड घेणार'. हा धंदा काहीही पचवतो, खरं असेल तर जरा आधी पचवतो. सायमन ओट्यावर गुडघा बांधत बसला होता. मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो की माझे वडील आहेत, समजून घे. तो म्हणाला, "समाजलंय." आणि जपमाळ काढली.

मी मात्र खूष होतो. हे कबूल करायला हवं. अण्णांना ठाऊकही नसताना मी त्यांना वाचवलं, आणि वाचवलं ते आपल्या नाटकानं, ज्याला ते नावं ठेवत होते. मनात मी हे त्यांना सुनावतही होतो.

सोमवारी सकाळी अण्णा धर्मशाळेत आले. बरोबर बिरू. मला वाटलं आभार मानायला, किंवा जेवायला बोलवायला. माझ्याकडे न बघता ते सायमनच्या खाटेपाशी गेले. सायमन गुडघ्याला फडकी बांधून बसला होता. तो रशियन असल्याचं विसरून उठून उभा राहिला.

"पाया पड," अण्णा बिरूला म्हणाले. "ह्यानं तुला पाडलंय."

बिरू वाकला. सायमननं माझ्याकडे बघितलं. आमच्या धंद्यात एकच धर्म असतो, आतलं बाहेर सांगायचं नाही, आणि सायमननं तो पाळला.

"नाय ओ वस्ताद," तो हळूच म्हणाला. "तुमच्या झीलानच माका पाडल्यान."

"बरं बाबा," अण्णा म्हणाले. "त्यो काखेतनं मानंवर हात आणल्यास, त्यो कुणी शिकिवला तुला?"

सायमननं हवालदाराचं नाव सांगितलं. ते नाव अण्णांना माहीत नव्हतं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाठ केलं. मग बिरूला सांगितलं की इथं बस, हा शिकवील तर शिकून घे, आणि मला म्हणाले, "चल."

आम्ही गावातून चालत निघालो. लोक दारादारांतून त्यांना हात जोडत होते. ते कुणाला उत्तर देत नव्हते. तालमीपाशी आल्यावर त्यांनी बंडीच्या खिशातून कुलूप काढलं. नवीन होतं, सकाळीच बाजारातून आणलेलं.

"अण्णा, कुणाला माहीत नाही," मी म्हणालो. "कुणी बघितलं नाही."

"म्या बघितलंय."

"तुम्ही काल काही बोलला नाहीत."

"काय बोलणार? शिट्टी तुझ्या तोंडात हुती. म्या तोंड उघडलं असतं तर गाव तुला जित्ता सोडत नव्हतं." त्यांनी दार ओढून घेतलं. "सा वरसं तू नाटकं केलीस, म्या हसलो. काल नाय हसू आलं. त्यो गडी खरा खेळला, बिरू खरा खेळला. त्या दोघांची कुस्ती तू खाल्लीस."

मी म्हणालो, "तुमच्यासाठी केलं."

"व्हय. दिसलं मला. कीव आली तुला माजी. पोरा, चाळीस वरसं म्या पोरांना एकच गोष्ट शिकिवली. जिकायचं कसं हे ज्याचं त्याला येतंय. पडल्यावर उठून समोरच्याच्या हातावर हात कसा मारायचा, ते शिकवाय लागतंय. मला काल ते करायचं हुतं. गावादेखत. तू करू दिलं न्हाईस."

मला तोंड वर करता येईना. त्या गावात मी नेहमी कुणाकडे तरी वरून बघत आलो होतो. तिथं उभ्या उभ्या मला इतकी लाज वाटली की पळून जावंसं वाटलं.

तालीम का बंद केली याचं कारण त्यांनी गावाला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी धडगत नव्हती. लोकांनी आपापलं कारण शोधलं. कीर्तीच्या शिखरावर असताना वस्ताद थांबले, असं आजही आमच्याकडे शाळेत पोरांना सांगतात. मी खरं काय ते दोन-तीनदा बोलून बघितलं. लोक म्हणतात, बापाचं चांगलं झालेलं याला पहिल्यापासून बघवत नाही.

त्या सकाळी त्यांनी कुलूप माझ्या हातात दिलं. त्यांची बोटं वाकडी झाली होती, जन्मभर मोडून मोडून. "लाव," ते म्हणाले.

मी कडी घातली आणि कुलूप लावलं. त्यांनी ते ओढून बघितलं, आणि मला घरी जाऊन आंघोळीचं पाणी तापवायला सांगितलं.